नाणे कडेनेच धरावे

महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत एखादा राणीछाप रुपया, दोन-चार शिवराया किंवा आजोबांनी जपून ठेवलेले संस्थानी पैसे असतात. कुठे ते देवघरात असतात, कुठे कपाटातल्या डबीत. पाहुणे आले की डबी उघडते, नाणे या हातातून त्या हातात जाते, अक्षरे नीट दिसावीत म्हणून कोणीतरी त्यावर अंगठा फिरवते आणि डबी पुन्हा बंद होते. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो, हे सारे आपुलकीपोटीच घडते. तरीही जुन्या नाण्यांचे घरोघरी होणारे नुकसान बव्हंशी याच आपुलकीतून होते, हे स्पष्टपणे सांगायला हवे. नाणे वितळवले, हरवले किंवा चोरीला गेले, तर तोटा सगळ्यांना कळतो. बोटांमुळे आणि त्यानंतरच्या घासण्यापुसण्यामुळे होणारा तोटा मात्र इतका सावकाश होतो की, तो करणाऱ्यालाही कळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, जुन्या नाण्याचे मोल त्याच्या वजनापेक्षा त्याच्या पृष्ठभागात अधिक असते आणि तो पृष्ठभाग एकदा गेला की कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून नाणे कडेने धरणे आणि ते न घासणे, हे ते ज्याच्या ताब्यात आहे त्याचे कर्तव्य ठरते.

आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवला की कळकतो, हे आपल्या स्वयंपाकघरांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. भांड्यांना कल्हई लावत ती त्यासाठीच. बोटाच्या स्पर्शातही याच जातीची रासायनिक क्रिया लहान प्रमाणात घडते. घामात पाण्याखेरीज मीठ असते, युरिया असतो, अमिनो आम्ले असतात आणि ताकाला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्लही असते. तळहातावर तैलग्रंथी नसतात, पण आपण दिवसभर चेहऱ्याला आणि केसांना हात लावत असतो, त्यामुळे बोटांवर तेलकट थर येतोच. हे मिश्रण बोटाच्या रेषांच्या नक्षीनुसार नाण्यावर उतरते. तांब्याच्या नाण्यावर मिठातला क्लोराइड आणि आम्ल मिळून धातूवर काम करू लागतात. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्या जागी तपकिरी, काळपट रेषा उमटतात, आणि तोवर ठसा पुसण्याजोगा राहिलेला नसतो, कारण तेथला धातूच बदललेला असतो. चांदी एवढ्या लवकर बाधत नाही, पण तीही हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी काळवंडते, आणि बोट जिथे लागले तिथे हा काळेपणा वेगळ्या गतीने चढून ठसा उघडा पडतो. सोने घामाला दाद देत नाही, मात्र ते मऊ असते. बोटावरच्या धुळीचा एक कणही त्यावर ओरखडा उमटवू शकतो.

एका स्पर्शाने असे काय बिघडणार, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर गुन्हे अन्वेषणाच्या क्षेत्रातून मिळते. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायर पोलिसांच्या न्यायवैद्यक विभागात काम करणारे डॉ. जॉन बाँड यांनी २००८ साली एक तंत्र जगापुढे मांडले. बंदुकीच्या पितळी काडतुसावरचा बोटाचा ठसा गुन्हेगाराने पुसून, धुऊन टाकला तरी तो पुन्हा दृश्य करता येतो, असे त्यांनी दाखवून दिले. काडतुसाला मोठ्या दाबाची वीज जोडायची आणि त्यावर बारीक वाहक भुकटी फिरवायची. बोटाच्या रेषा जिथे टेकल्या होत्या तिथेच ती भुकटी चिकटते. याचे कारण असे की, घामातल्या क्षारांनी तेवढ्या जागेवरचा धातू किंचित गंजवलेला असतो. वरचा ओलावा आणि तेल पुसले गेले तरी धातूत झालेला बदल तसाच राहतो. पितळ हा तांब्याचाच मिश्रधातू आहे, आणि आपल्याकडची जुनी सुटी नाणी बहुतांशी तांब्याची किंवा त्याच्या मिश्रधातूंची आहेत. पोलिसांना गुन्हेगार शोधून देणारी हीच क्रिया आपल्या कपाटातल्या शिवराईवरही चालू असते. ‘मी लगेच पुसले’ हा बचाव म्हणून फारसा टिकत नाही.

आता हा पृष्ठभाग एवढा मोलाचा का, ते पाहू. टाकसाळीत दोन ठशांच्या मध्ये धातूची चकती जबर दाबाखाली सापडते, तेव्हा धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि ठशाच्या खोलगट भागांत शिरतो. या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्यावर राहतात. नवे नाणे दिव्याखाली तिरके फिरवले की त्यावरून प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात ते या रेषांमुळे. संग्राहक जिला टाकसाळीची झळाळी म्हणतात ती हीच. घासून आणलेली चकाकी वेगळी असते. ती सपाट असते, तिच्यात प्रकाश फिरत नाही. या रेषा इतक्या नाजूक असतात की मऊ कपड्याने जोरात पुसले तरी त्या दबतात. मुंबई आणि कोलकात्याच्या टाकसाळींतून स्मरणार्थ नाण्यांचे प्रूफ संच निघतात, त्यांत तर चकती आणि ठसे दोन्ही आधी आरशासारखे चमकवून घेतलेले असतात. त्यामुळे अशा नाण्याच्या सपाट भागावर बोट टेकले तर तो डाग नुसत्या डोळ्यांनीही टळत नाही. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी एक ते सत्तर अशी प्रतमापनाची श्रेणी मांडली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. या श्रेणीच्या वरच्या टोकाला एकेका अंकाने किंमत मोठ्या प्रमाणात बदलते. तिथे फरक पडतो तो झळाळी, ओरखडे आणि डाग यांचाच. घासलेल्या नाण्याला प्रतमापन संस्था बहुतेक वेळा सरळ अंकच देत नाहीत, ‘साफ केलेले’ असा शेरा मारून ते वेगळे काढतात.

बोटाचा ठसा एवढ्यावर थांबत नाही, म्हणून तो अधिक घातक आहे. डाग दिसू लागला की माणसाला तो काढावासा वाटतो आणि खरा विध्वंस तिथून सुरू होतो. कोणी चिंच लावते, कोणी लिंबू-मीठ, कोणी राख, कोणी भांडी घासण्याची पावडर, तर कोणी टूथपेस्ट. चिंच-लिंबातली आम्ले तांब्यावरचा जुना तपकिरी थर विरघळवतात आणि खालचा कोरा धातू उघडा पाडतात. तो गुलाबीसर दिसतो, दोन दिवस खुलतो आणि मग पूर्वीपेक्षा वेगाने डागाळू लागतो, कारण त्याचे संरक्षण करणारा थरच आपण काढून टाकलेला असतो. राख, पावडर आणि टूथपेस्ट यांत घर्षण करणारे कण असतात. ते उंच भागांवरचा धातू खरवडतात आणि सपाट भागावर बारीक रेघांचे जाळे सोडतात. चांदीबाबतचा गैरसमज तर आणखी खोल आहे. रुपयावर चढलेला काळेपणा बाहेरून बसलेला मळ आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो सिल्व्हर सल्फाइडचा थर असतो, म्हणजे त्यात त्या नाण्याचीच चांदी असते. काळेपणा काढणे याचा अर्थ नाण्याचा वरचा थर काढणे. बाजारात मिळणाऱ्या चांदी उजळवण्याच्या द्रावणात बुडवले तरी तेच होते आणि प्रत्येक बुडीसरशी झळाळीच्या रेषा आणखी पुसट होतात.

हा प्रश्न केवळ किमतीचा असता, तर तो संग्राहकांनी आपापसांत सोडवावा असे म्हणता आले असते. पण महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास मोठ्या प्रमाणात नाण्यांवरच उभा आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी त्यात होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडून काढली, याचा हा धातूवरचा पुरावा. तो पुरावा वाचायचा कसा, तर वरच्या चैत्याकार टेकडीच्या आणि उज्जैन चिन्हाच्या खाली नहपानाच्या चेहऱ्याचा एखादा उरलेला अंश, ग्रीक, ब्राह्मी किंवा खरोष्ठी लेखातली एखाददुसरी रेघ शोधायची. दोन राजवटी एकाच लहानशा चकतीवर, एकावर एक आहेत आणि खालची राजवट पुसट उठावाच्या रूपानेच उरलेली आहे. असे नाणे कोणी ‘स्वच्छ’ करायला घेतले तर आधी नाहीसा होईल तो हाच पुसट उठाव. सातकर्णीची खूण कदाचित राहील, पण तिच्याखाली कोण होते हे सांगणारी साक्ष जाईल.

शिवराईचेही तसेच आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ हा मजकूर सगळ्यांना माहीत असतो. पण अभ्यासकाचे काम त्यापुढे सुरू होते. अक्षरांची वळणे, ऱ्हस्व-दीर्घाचे आणि लेखनाचे भेद, भोवतालच्या बिंदूंची रचना, मधल्या आडव्या रेघा यांवरून शिवरायांचे प्रकार पाडले जातात. शिवाजी महाराजांनंतरही शिवराई दीर्घकाळ पाडली गेली आणि ब्रिटिश अमलातही व्यवहारात राहिली. त्यामुळे हाती आलेले नाणे कोणत्या काळातले, हे ठरवायला ही बारीक चिन्हेच आधाराला असतात. एक वेलांटी घासली गेली तरी निष्कर्ष डळमळतो. अलीकडच्या काळातले उदाहरण पंचम जॉर्जच्या १९११ सालच्या रुपयाचे घेता येईल. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि पुढल्या वर्षी ती आकृती सुधारण्यात आली. त्या साऱ्या प्रकरणाचा पुरावा म्हणजे छातीवरची काही मिलिमीटरांची एक आकृती. अंगठा सर्वांत आधी फिरतो तोही अशाच उंच भागावर.

शेतात, घराच्या पायात किंवा नदीकाठी सापडणाऱ्या नाण्यांच्या बाबतीत तर घाई आणखी महागात पडते. जमिनीत शेकडो वर्षे राहिलेल्या तांब्याच्या नाण्यावरचा हिरवा थर बघून ते खराब झाले असे वाटते. परंतु त्याच थरात, नाणी ज्या कापडी थैलीत पुरली होती तिच्या धाग्यांचा ठसाही कधी कधी टिकून राहतो. नाणी एकमेकांना कशी चिकटली होती, यावरूनही ती कशी ठेवली होती हे कळते. घासणीने तो थर काढला की नाणे हाती राहते आणि त्याची हकीकत जाते. क्षारयुक्त जमिनीतून आलेल्या काही नाण्यांत ‘ब्राँझ डिसीज’ म्हणून ओळखली जाणारी क्रिया चालू असते. फिकट हिरवी, भुसभुशीत पूड पडू लागते, दमट हवेत क्लोराइड पुन्हा पुन्हा आम्ल तयार करतो आणि धातू आतून पोखरला जातो. अशा नाण्याला उघड्या हाताचे मीठ आणि कोकणातला पावसाळा दोन्ही सोसत नाहीत. कायद्याची बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. दहा रुपयांहून अधिक मूल्याचे भूमिगत धन सापडल्यास त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, असे १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम सांगतो, आणि १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात. सापडलेली नाणी धुऊन, वाटून, मग कधीतरी कळवणे हे कायद्याला धरून नाही आणि इतिहासालाही मारक आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, नाणी मुळात हाताळण्यासाठीच पाडली गेली. हजारो हातांतून गेलेल्या रुपयाला आमच्या एका हाताने काय होणार? आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. व्यवहारात असताना झालेली झीज हा त्या नाण्याच्या आयुष्याचा भाग आहे. ते किती फिरले हे ती झीज सांगते, आणि अभ्यासक ती वाचतात. नाणे चलनातून बाहेर पडले तेव्हा ते आयुष्य संपले. त्यानंतर दिवाणखान्यात लागलेली बोटे त्या इतिहासात काहीच भर घालत नाहीत, आधीचा लेख तेवढा पुसत जातात. शिवाय हजारो हातांनी झिजलेली नाणी विपुल आहेत. न झिजता आपल्यापर्यंत पोहोचलेली थोडी आहेत, आणि नेमक्या त्यांनाच एका स्पर्शाने बाधा होते. जे पूर्ण झिजले आहे त्याचे आणखी फारसे बिघडत नाही हे खरे, मात्र कोणते नाणे कोणत्या गटात मोडते हे ओळखण्याआधीच ते हाताळले गेलेले असते.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे आणि त्याची दखल आदरानेच घेतली पाहिजे. लक्ष्मीपूजनाला घरातला जुना चांदीचा रुपया पंचामृताने न्हाऊन, हळदकुंकू वाहून पूजण्याची रीत अनेक घरांत आहे. ती सोडावी, असे मी म्हणत नाही. दह्या-दुधाचा अंश, साखर, मधाचा चिकटपणा, कुंकवातले रंग आणि पाठोपाठचे घासणे हे दरवर्षी त्याच रुपयाच्या वाट्याला आले, तर काही पिढ्यांनी तो रुपया ओळखू येणार नाही, एवढेच म्हणणे आहे. अभिषेकासाठी धनत्रयोदशीला मिळणारे चांदीचे नवे नाणे वापरता येते. ते दरवर्षी उजळले तरी कोणताही पुरावा नष्ट होत नाही. आजी-पणजीकडून आलेला रुपया पारदर्शक डबीत घालून चौरंगावर ठेवावा आणि हळदकुंकू शेजारच्या विड्याच्या पानावर वाहावे. पूर्वजांच्या हातची वस्तू पुढच्या पिढीच्या हाती धड पोहोचवणे हाही पूजेचाच भाव आहे. जुन्या रुपयाला डाख देऊन कडी जोडण्याबद्दलही हेच म्हणता येईल. दागिन्यासाठी प्रतिकृती करून घेता येते, डाख दिलेले नाणे मात्र पूर्ववत होत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इतिहास काचेआड ठेवला तर मुलांना त्याची गोडी कशी लागणार? हातात घेतल्याशिवाय नाण्याचे वजन, जाडी, उठाव कळत नाही, हे खरेच आहे. म्हणून स्पर्श बंद करू नये, तो योग्य नाण्यांकडे वळवावा. चलनातून गेलेले भोकाचे पैसे, दहा-वीस पैशांची ॲल्युमिनियमची नाणी, खूप झिजलेले तांब्याचे पैसे सहज मिळतात. ते मुलांच्या हाती मोकळेपणाने द्यावेत. दुर्मीळ किंवा न झिजलेले नाणे दाखवताना मात्र ते कडेने कसे धरायचे, हेही त्याच वेळी शिकवावे. नाणे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कडेने धरले की दोन्ही बाजू पूर्ण दिसतात, उलट चिमटीत धरले तर निम्मे नाणे बोटाखालीच राहते. म्हणजे या रीतीने पाहणाऱ्याचे नुकसान तर होत नाहीच, उलट त्याला अधिक दिसते. जे मूल असे धरायला शिकते, ते नाण्याकडे निरखून बघायलाही शिकते.

या काळजीला पैसा फारसा लागत नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. नाणे टेबलावर पसरलेल्या मऊ कापडाच्या वर धरावे, म्हणजे निसटले तरी कडेला खोक पडत नाही. नाण्यावर वाकून बोलू नये, कारण थुंकीचे सूक्ष्म थेंब तांब्यावर काळे ठिपके सोडतात. हातमोजे घालायचे तर भुकटीविरहित नायट्राइलचे घालावेत. जाड सुती मोज्यांत पकड सुटते आणि नाणे पडण्याचा धोका वाढतो. मऊ पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांत नाणी ठेवू नयेत. त्या प्लॅस्टिकमधून निघणारे पदार्थ नाण्यावर हिरवट चिकट थर आणतात. पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे घ्यावीत. रबरबँडमध्ये गंधक असते, तेव्हा चांदीच्या नाण्यांच्या जवळपासही ते नसावे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते, म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी ठेवून ती वेळोवेळी बदलावी. बोट चुकून लागलेच तर ठसा ताजा असेपर्यंत शुद्ध ॲसिटोनने तेल निघू शकते, पण ते ज्वलनशील असते आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. धातूत उतरलेला डाग तसाच राहू द्यावा. डाग असलेले नाणे वाचता येते, घासलेले वाचता येत नाही.

घरांइतकीच जबाबदारी सार्वजनिक जागांचीही आहे. नाण्यांच्या प्रदर्शनात ट्रेमध्ये मोकळी नाणी मांडून ‘हात लावून बघा’ म्हणणाऱ्या विक्रेत्याने आधी गिऱ्हाइकाला नाणे धरायला शिकवावे. शाळा-महाविद्यालयांतल्या प्रदर्शनांच्या आयोजकांनी पाहण्याची आणि हाताळण्याची नाणी वेगवेगळी ठेवावीत. सराफांनी जुना रुपया उजळवून मागणाऱ्याला त्यातला तोटा समजावून सांगावा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था १९८० पासून उभी आहे. ज्या राज्यात असे काम चालते, तिथल्या सामान्य घरांपर्यंत एवढी साधी गोष्ट पोहोचू नये, हे बरे नाही. सोन्याचांदीचे वजन पुन्हा विकत मिळते, पण दोन हजार वर्षांपूर्वी किंवा साडेतीनशे वर्षांपूर्वी टाकसाळीत ठोकला गेलेला पृष्ठभाग पुन्हा कोणी घडवू शकत नाही. आपल्या डबीतले नाणे पुढच्या वेळी बाहेर काढाल, तेव्हा ते कडेने धरा, डाग दिसला तरी घासू नका आणि हेच घरातल्या मुलांनाही सांगा.